पाच साबची पहिली वॉच : इंजिन-रूम सिम्युलेटरच्या टिपणांना प्रस्तावना

सकाळी साडेसातला सिंगापूरच्या जुरोंग ईस्ट स्टेशनात उतरलं की गर्दीतही आमची पोरं लगेच ओळखू येतात. ऑफिसवाले मान खाली घालून, फोन बघत, वरच्या पुलावरून मॉलकडे सरकत असतात. ही मात्र एखाद्या खांबाशी घोळका करून उभी असतात. पाठीवर सॅक, पायात कोरे करकरीत सेफ्टी शूज. खरं तर सेफ्टी शूजची काही गरज नसते. जिथे जायचंय तिथे खाली गालिचा आहे, एसी तेवीसवर आहे, आणि कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप कीबोर्डवर कलंडणं हा तिथला सगळ्यात मोठा अपघात. पण बोटीवर जायचं म्हणून घरच्यांनी बूट घेऊन दिलेले असतात आणि ते घालायची घाई झालेली असते. मीही घातले असते.

स्टेशनापासून चालत गेल्यावर एका इमारतीत आमची बोट उभी आहे. कंट्रोल रूमचं कन्सोल, मेन स्विचबोर्डाची रांग, शेजारच्या खोलीत पंपांची लोकल पॅनेलं, भिंतीवर लावलेल्या स्पीकरमधून जनरेटरची घरघर. काचेपलीकडे माझी खोली, तिथे माझ्याकडे बिघाडांची लांबलचक यादी. कुठला कूलर चोंदवायचा, कुठला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळका करायचा, कुठल्या पंपाचं बेअरिंग तापवायचं, हे मी बसल्या जागी ठरवतो. पंचवीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची नऊ बडा साब म्हणून. या काळात यंत्रांनी मला जो त्रास दिला त्याचा वचपा मी आता या पोरांवर काढतो, असं माझी बायको म्हणते.

ज्यांना बोटीवरची बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिंदुस्थानी माणसं असलेल्या बोटींवर चीफ इंजिनिअर म्हणजे बडा साब, सेकंड म्हणजे दो साब, मग तीन साब, चार साब आणि सगळ्यात धाकटा, कॉलेजातून नुकता आलेला जुनिअर तो पाच साब. ही टिपणं त्या पाच साबसाठी आहेत.

सिम्युलेटरवर शिकणं म्हणजे काय, याबद्दल दोन टोकांची मतं मी रोज ऐकतो. जुने लोक म्हणतात, हा व्हिडिओ गेम आहे, हाताला ग्रीस लागल्याशिवाय इंजिनिअर होत नाही. यंत्रं विकणारे म्हणतात, आमच्या त्रिमितीच्या पडद्यावर बोल्टाचे आटेसुद्धा दिसतात, आता बोटीवर शिकायला काही उरलंच नाही. मी दोघांशीही भांडलेलो आहे. बोल्टाचे आटे दिसून काय करायचंय? स्पॅनर कसा लावावा हे सिम्युलेटर शिकवत नाही आणि शिकवणारही नाही. तो शिकवतो ते अलार्म वाजल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस काय करतो ते. आणि बहुतेक वेळा माणूस तेव्हा जे करतो ते बघून त्याला स्वतःलाच धक्का बसतो.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण बाकीची सगळी टिपणं त्याच प्रसंगाच्या आवृत्त्या आहेत.

सांगलीकडचा एक मुलगा होता. हुशार, पाठांतर पक्कं, प्रश्न विचारला की पुस्तकातला परिच्छेद म्हणून दाखवणारा. त्याला वॉच दिली. बोट किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून चालली आहे, सगळं सुरळीत आहे. मी माझ्या खोलीतून समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या वाटेवरचा स्ट्रेनर हळूहळू चोंदवायला सुरुवात केली. प्लास्टिक, जेलीफिश, काहीही समजा. आता गंमत बघा. स्ट्रेनर चोंदला की समुद्राचं पाणी कमी येतं, त्यामुळे कूलर कमी थंड करतो, त्यामुळे आतल्या गोड्या पाण्याचं तापमान वाढायला हवं. पण ते वाढत नाही. कारण मध्ये तीन-तोंडी ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह आहे. तापमान ३६ अंशांवर ठेवणं हे त्याचं काम. पाणी तापू लागलं की तो मुकाट्याने आणखी उघडतो आणि जास्त पाणी कूलरमधून पाठवतो. चाळीस टक्के, पन्नास, सत्तर, नव्वद. पडद्यावर तापमान ३६ चं ३६. मुलगा ३६ बघतो, समाधानाने मान हलवतो, लॉगबुकात ३६ लिहितो. व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडला की त्याच्या हातात काही उरत नाही. मग तापमान चढतं, आणि एकदा चढू लागलं की सगळीकडे एकदम चढतं. स्कॅव्हेंज एअर, लुब ऑइल, जनरेटरचं जॅकेट वॉटर, सगळीकडे.

पहिला अलार्म वाजला. त्याने पोचबटण दाबलं. आवाज बंद झाला. दुसरा वाजला, दाबलं. तिसरा, चौथा. मग त्याने स्टँडबाय सी-वॉटर पंप चालू केला. पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे. पण तो पंपही त्याच चोंदलेल्या स्ट्रेनरमधून पाणी ओढणार! फरक शून्य. समुद्राच्या पाण्याची दुसरी वाट, वरची हाय सक्शन, उघडली असती तर दोन मिनिटांत प्रश्न मिटला असता. शेवटी जनरेटर तापून ट्रिप झाला आणि मी खोलीतले दिवे घालवले.

दिवे मी खरेच घालवतो. इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत भार उचलला पाहिजे असं समुद्रावरच्या सुरक्षेचा सोलास करार सांगतो. वर्गात हे ४५ म्हणजे तोंडी परीक्षेतलं एक उत्तर. अंधारात, स्पीकर गप्प झालेले असताना, ते ४५ सेकंद किती लांबतात हे एकदा बसून बघावं. कुणीतरी हसतं, कुणीतरी उगाच खाकरतं, आणि कुणीतरी हमखास मराठीत म्हणतं, "अरे हात नको लावूस, थांब."

नंतर चर्चा. आमच्या धंद्यात हिला डीब्रीफ म्हणतात आणि माझ्या मते सगळं शिक्षण इथेच होतं, आधीचा तासभर ही फक्त सामग्री. मी विचारलं, काय काय केलंस? तो म्हणाला, "सर, अलार्म आल्याबरोबर मी आधी सी-वॉटरचं प्रेशर बघितलं." खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून तसंच आठवत होतं. मी इव्हेंट लॉगचा कागद पुढे ठेवला. सिम्युलेटर प्रत्येक बटण, प्रत्येक पान उघडल्याची वेळ सेकंदासकट टिपून ठेवतो. पहिला अलार्म १० वाजून १४ मिनिटांनी. पुढच्या चाळीस सेकंदांत नऊ वेळा पोचबटण. सी-वॉटरचं पान पहिल्यांदा उघडलं ते १० वाजून २१ मिनिटांनी. मधल्या सात मिनिटांत तो फक्त आवाज बंद करत होता.

त्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "सर, हे मीच केलंय?"

त्याला हसायचा अधिकार मला नाही. मीही एके काळी पाच साब होतो. रात्रीची बारा ते चारची वॉच, हेवी ऑइलचा प्युरिफायर चालू. प्युरिफायरमध्ये तेल आणि पाणी वेगळं ठेवायला फिरत्या बाऊलच्या कडेला पाण्याचं एक कडं असतं, वॉटर सील. ते तुटलं की तेल शहाण्यासारखं टाकीत जायचं सोडून पाण्याच्या वाटेने थेट स्लज टँकमध्ये पडतं. त्या रात्री प्रेशर कमी झाल्याचा अलार्म आला. मी पोच दिली आणि लॉगबुक भरायला बसलो. अक्षर सुंदर आलं होतं, अजून आठवतं. चारला रिलीव्हरला सांगितलं, सब ठीक है. सकाळी स्लज टँक काठोकाठ. दो साब ओरडला नाही. त्याने मला पुढचा आठवडाभर त्या टँकचं साउंडिंग दर तासाला हाताने घ्यायला लावलं, टेप सोडून, पुसून, वाचून. तेव्हा सिम्युलेटर असता तर तेल वाचलं असतं का? कदाचित. पण अलार्मनंतरच्या चाळीस सेकंदांत मी काय केलं हे दाखवणारा कागद मला हवा होता. तसा कागद मिळायला मला बडा साब व्हावं लागलं आणि तोवर स्मरणशक्तीने माझ्या बाजूने बऱ्याच दुरुस्त्या करून टाकल्या होत्या.

जमिनीवर सराव करण्याची ही गरज वैमानिकांनी फार आधी ओळखली. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थाचा घरचा धंदा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा. ऑर्गनचेच भाते आणि हवेची यंत्रणा वापरून त्याने १९२९ च्या सुमारास विमानाची खोटी कॉकपिट केली. सुरुवातीला ती जत्रेतल्या पाळण्यासारखी विकली जात होती. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांना टपाल वाहून नेण्याचं काम दिलं आणि धुक्यात, ढगात एकामागून एक विमानं पडली, तेव्हा लष्कराने ती विकत घेतली. आपल्याकडे, म्हणजे इंजिन रूममध्ये, एवढी निकड कुणाला वाटली नाही. विमानाचं इंजिन बंद पडलं तर विमान पडतं, बोटीचं इंजिन बंद पडलं तर बोट फार तर उभी राहील, असा एक सर्वसाधारण समज.

तो समज २६ मार्च २०२४ ला मध्यरात्रीनंतर बाल्टिमोरला मोडला. 'दाली' ही सिंगापूरचा झेंडा लावलेली, सुमारे तीनशे मीटर लांबीची कंटेनर बोट बंदरातून निघाली होती. बोटीवरचे बहुतेक जण भारतीय. तिचे दिवे गेले, आले, पुन्हा गेले, आणि पहिल्या ब्लॅकआउटपासून सुमारे चार मिनिटांत ती फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळली. पुलावर डागडुजी करणारे सहा कामगार गेले. अमेरिकी तपासणीत पहिल्या ब्लॅकआउटचं मूळ सापडलं ते एका सैल वायरीत. वायरीवरचं नावाचं लेबल चुकीच्या जागी बसल्यामुळे ती टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेली नव्हती. जनरेटरला इंधन पुरवायला जो फ्लशिंग पंप वापरला जात होता तो ब्लॅकआउटनंतर आपोआप पुन्हा चालू होणारा नव्हता, असंही पुढे आलं. पहिली गोष्ट कुठल्याही सिम्युलेटरने पकडली नसती. ती टॉर्च घेऊन, वायर ओढून बघणाऱ्या माणसाने पकडायची. दुसरी मात्र सिम्युलेटरवर पंधरा मिनिटांत लक्षात येते: दिवे घालवा, परत आणा, आणि काय काय आपोआप उठलं आणि काय झोपूनच राहिलं याची यादी करा. या टिपणांतला तिसरा सराव नेमका हाच आहे.

नॉर्वेच्या किनाऱ्यालगत मार्च २०१९ मध्ये 'व्हायकिंग स्काय' हे प्रवासी जहाज वादळात असंच अंधारात सापडलं. तेराशेहून जास्त माणसं वर, खडक जवळ. इंजिनांच्या टाक्यांत लुब ऑइल हवं त्यापेक्षा कमी होतं. जहाज डोलू लागलं तसे पंप उघडे पडले आणि प्रेशर गेलं. साधी पातळीची गोष्ट, जी प्रत्येक पाच साब रोज सकाळी बघतो, किंवा बघितली असं लिहितो.

नियमांचं थोडक्यात सांगतो, कारण तो भाग रूक्ष आहे आणि परीक्षेत तुम्हाला तो पाठ करावाच लागेल. खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, एसटीसीडब्ल्यू, १९७८ चा. १९९५ च्या दुरुस्त्यांनी त्यात सिम्युलेटरचे निकष आणले, ते १ फेब्रुवारी १९९७ पासून लागू. रडारसाठी सिम्युलेटर सक्तीचा झाला. इंजिन रूमसाठी तो कौशल्य सिद्ध करण्याचा एक मान्य मार्ग एवढाच राहिला. डेकवाल्यांना सक्ती आणि आम्हाला ऐच्छिक, याचा राग मला अजून आहे. २०१० च्या मनिला दुरुस्त्या १ जानेवारी २०१२ पासून आल्या. त्यांनी इंजिन रूमच्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलायचं, काम कसं वाटायचं, धाकट्याने थोरल्याला कसं टोकायचं, हेही शिकवलं पाहिजे असं ठरवलं. या एका गोष्टीसाठी मी ते ठरवणाऱ्यांना शंभर गुन्हे माफ करतो. भारतात क्लास फोरच्या उमेदवाराला सिम्युलेटरचा कोर्स करावाच लागतो, तेही बरंच झालं.

आणि हे शिक्षण समुद्राकाठीच झालं पाहिजे असं कुठे आहे? शिवडीला 'हे बंदर' नावाच्या रोडवर 'मेरी' म्हणून ओळखलं जाणारं मरीन कॉलेज आहे खरं, पण महाराष्ट्रातली बरीच नावाजलेली मरीन कॉलेजं बघा: तोलानी इंदुरीला, तळेगावजवळ, समुंद्रा लोणावळ्याकडे, मॅनेट लोणी काळभोरला, आणखी एक कर्जतला. सगळा समुद्र घाटावर नाहीतर घाटाच्या पायथ्याशी! काहींनी तर आवारातच खऱ्या यंत्रांची इंजिन रूम उभी केली आहे. त्या मानाने आमचं जुरोंग बरंच पाण्याजवळ. हा भाग साठच्या दशकापर्यंत दलदल होता. तेव्हाचे अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी इथे उद्योगनगरी काढली तेव्हा लोकांनी तिला त्यांचा वेडेपणा म्हणून नाव ठेवलं. १९६३ साली जुरोंग शिपयार्ड उभं राहिलं, आणि आज पलीकडे जुरोंग आयलंडवर रसायनांच्या टाक्या रात्रभर दिव्यांनी लखलखत असतात.

त्या बेटाचा उल्लेख उगाच केला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या एका टर्मिनलवरून 'फोर्टेस्क्यू ग्रीन पायोनिअर' या बोटीत द्रव अमोनिया भरला आणि डिझेलबरोबर तो इंधन म्हणून जाळून बघितला. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत सिंगापूरला कंटेनर बोटीत मिथेनॉल भरून झालं होतं. जगातलं सगळ्यात मोठं बंकर बंदर हे. वर्षाला पाच कोटी टनांवर इंधन इथे बोटींत जातं. २०२२ मध्ये इथूनच गेलेल्या भेसळीच्या तेलाने सुमारे दोनशे बोटींना घोर लावला होता, त्यातल्या ऐंशीएक बोटींचे इंधनपंप आणि इंजिनं कुरकुरली. म्हणजे इंधन हा इथला रोजचा विषय आहे.

माझ्या पिढीने आधी हात भाजून घेतले आणि मग सिम्युलेटर बघितला. म्हणून आम्ही त्याला नावं ठेवू शकलो. अमोनियाच्या बाबतीत ही सोय नाही. तो विषारी आहे, आणि 'जरा गळू दे, मग बघू' म्हणून शिकायची ती वस्तू नव्हे. दो साबलासुद्धा त्याचा अनुभव नाही. उद्या पाच साब आणि बडा साब एकाच बाकावर बसून तेच पान पहिल्यांदा उघडतील. माझ्या वर्गात हे एकदा झालं. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने शेजारच्या पोराकडे वळून विचारलं, "आता आधी काय बंद करायचं म्हणतोस?" ते पोर आठवडाभर त्या एका वाक्यावर तरंगत होतं.

सिम्युलेटर काय देत नाही हेही लिहून ठेवतो, नाहीतर तुम्ही पहिल्या बोटीवर माझ्या नावाने खडे फोडाल. उकाडा देत नाही. जूनमध्ये आखाताच्या पाण्यात इंजिन रूम पंचेचाळीसच्या पुढे जाते आणि विचार पाझरून जातो. बोट डोलत नाही. स्कॅव्हेंजमध्ये आग लागल्यावर करपल्या तेलाचा जो वास येतो तो येत नाही. पंपाच्या बेअरिंगला हाताची मागची बाजू लावून 'हे कालच्यापेक्षा गरम आहे' असं कळणं पडद्यावर जमत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे सिम्युलेटरला फ्रीझ आणि रिसेट आहे. तिसऱ्या दिवसापासून काही पोरं चूक झाली की काचेकडे बघू लागतात, मी थांबवीन म्हणून. त्या दिवसापासून मी काचेला पडदा लावतो.

म्हणून बोटीवर, वॉचवरून आल्यावर जे लिहाल ते आधी स्वतः बघितलेलं, हात लावलेलं असू द्या, आणि इथे आल्यावर आकडा बघू नका, आकडा कुठून कुठे चालला आहे ते बघा. ३६ म्हणजे काही नाही. ३६ साठी व्हॉल्व्ह किती उघडावा लागतोय, तिथे बोट ठेवा.

ही टिपणं मराठीत का, असं मला इथल्या सहकाऱ्यांनी विचारलं. बोटीवर कामाची भाषा इंग्रजी, परीक्षा इंग्रजीत, मोटरमन फिलिपिनो, फिटर चिनी. ते खरंच आहे आणि तोंडी हुकूम इंग्रजीतच द्यायचे, ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे, हे मी वर्गात ओरडून सांगतो. पण दिवे गेल्यावर आमची पोरं मनात कुठल्या भाषेत बोलतात ते मी हेडसेटवर ऐकलेलं आहे. त्या भाषेत आधी नीट विचार झाला तर इंग्रजीतला हुकूम सरळ निघतो. पारिभाषिक शब्द मात्र जसे बोटीवर तसेच ठेवले आहेत. प्युरिफायरला शुद्धीकरणयंत्र म्हटलं तर दो साब तुमच्याकडे बघत राहील.

टिपणं एकूण बावीस आहेत. क्रम माझा आहे, पुस्तकातला नाही: आधी ब्लॅकआउट, मग मेलेल्या बोटीला शून्यातून उठवणं, मग कूलिंग वॉटर, इंधन बदलणं, दोन जनरेटर जोडणं, आणि शेवटी नवी इंधनं. प्रत्येक सरावानंतर अर्धं पान कोरं सोडलं आहे. त्यावर, लॉगचा कागद हातात घेण्याआधी, आपण काय केलं ते आठवेल तसं लिहायचं, वेळेसकट. पेन्सिलने लिहिलं तर पुसायचा मोह होईल, म्हणून पेनाने. मग लॉग शेजारी ठेवायचा.

सांगलीच्या त्या मुलाने आपलं पान मला परत दिलं नाही. सॅकमध्ये घालून घेऊन गेला.

जुरोंग ईस्ट, सिंगापूर